बसते की डुलते? पिकअप, कॅम्पर आणि मागचं सस्पेन्शन: कामाच्या नोंदी

४ जानेवारी

पिकअपच्या हौद्यात कॅम्पर (आत राहता-झोपता येईल अशी खोली) चढवून पहिली लांबची फेरी काल रात्री संपली. खांदे अजून ताठलेले आहेत. विसरायच्या आत तक्रारी लिहून ठेवतो.

मागून गाडी एवढी बसली होती की समोरून येणारा प्रत्येक जण डिपर मारत होता. माझा हेडलाइट खालीच होता, पण नाक वर केलेल्या गाडीत 'खाली' म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत. मोठा ट्रक शेजारून गेला की आधी त्याच्या हवेने बाहेर ढकलले जायचो, मग आत ओढले जायचो, आणि मग वरची खोली स्वतःच दोनतीनदा डुलायची. पुलाच्या सांध्यांवर तर घोड्यावर बसल्यासारखं. एक सांधा गेला की आधीची उसळी संपायच्या आत दुसरा हजर.

बलून, म्हणजे चॅसी आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये बसणाऱ्या हवेच्या रबरी पिशव्या, मागवायलाच बसलो होतो. (एअरबॅग म्हटलं की लोकांना स्टीअरिंगमधली आठवते, म्हणून या नोंदींमध्ये बलूनच म्हणणार.) मागवण्याआधी मिस्त्रींना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "साहेब, गाडी बसते की डुलते?"

म्हटलं, "दोन्ही."

"मग दोन वेगळी औषधं लागतील. आधी काट्यावर न्या, मग बोलू."

बलून मागवले नाहीत. निदान आज तरी.

७ जानेवारी

वजनकाटा. सगळी तयारी प्रवासासारखीच: डिझेलची टाकी फुल, पाण्याची टाकी फुल, आम्ही दोघं आत. कॅम्पर नसतानाचं वजन मागेच करून ठेवलं होतं, तेही टाकी फुल आणि दोघं धरून, त्यामुळे थेट वजाबाकी करता आली.

रिकामी: पुढे १,६६०, मागे १,१८०, एकूण २,८४० किलो.
भरलेली: पुढे १,६९०, मागे २,६१०, एकूण ४,३०० किलो.

दाराच्या खांबावरच्या लेबलनुसार मर्यादा एकूण ४,५००, मागचा ॲक्सल २,८००, पुढचा २,२००. म्हणजे कायद्यात आहे, पण काठावर. आणि हे आकडे कुठलाही पाटा (स्प्रिंगची पोलादी पट्टी), बलून किंवा अँटी-रोल बार (गाडी कलू नये म्हणून लावतात तो दांडा) लावून वाढत नाहीत. मागचे पाटे दुप्पट कडक केले तरी ॲक्सलची नळी, बेअरिंग, रिम, टायर आणि ब्रेक तेच राहतात. हे भिंतीवर लिहून ठेवायला हवं, कारण सामान विकणारा प्रत्येक जण 'अमुक किलो क्षमता वाढवा' असं म्हणतो. ती क्षमता त्याच्या तुकड्याची असते, माझ्या गाडीची नव्हे.

कॅम्परच्या माहितीपत्रकात 'कोरडं वजन' १,०२० किलो आहे. माझ्या गाडीवर चढलंय १,४६०. फरक ४४० किलोचा! पाणी १५०, मागच्या रॅकवरच्या दोन सायकली आणि हत्यारांची पेटी मिळून ९०, उरलेलं बॅटऱ्या, गॅस, गाद्या, कपडे, भांडी आणि 'असू दे, लागेल' म्हणून टाकलेलं सगळं.

मला जास्त टोचला तो पुढच्या ॲक्सलचा आकडा. १,४६० किलो चढवले आणि त्यातले पुढे गेले फक्त ३०. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर) ३,९५० मिमी. ३० गुणिले ३,९५० भागिले १,४६०, म्हणजे सगळ्या ओझ्याचा गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या जेमतेम ८० मिमी पुढे. तो ॲक्सलच्या पुढेच असायला हवा, आणि चांगल्यापैकी पुढे. मागे गेला की तराजूच्या दांडीसारखं पुढचं नाक उचललं जातं, स्टीअरिंग हलकं होतं. त्या फेरीतली 'तरंगल्यासारखी' भावना मी मागच्या स्प्रिंगांच्या खात्यात टाकली होती. ती पुढच्या चाकांची तक्रार होती.

एका बाजूची चाकं काट्यावर आणि दुसरी बाहेर ठेवूनही पाहिलं. मागचं डावं चाक १,३७०, उजवं १,२४०. फ्रिज, बॅटऱ्या, पाण्याची टाकी सगळं डावीकडे.

८ जानेवारी

मागचा रॅक काढला. हिशेब असा: ९० किलो ॲक्सलच्या २.२ मीटर मागे टांगलेले होते. तरफेच्या नियमाने मागच्या ॲक्सलवर त्याचे ९० नव्हे, १४० किलो पडत होते, आणि पुढून ५० किलो उचलले जात होते. काट्यावर पुन्हा नेली: पुढे १,७४०, मागे २,४७०. हिशेब बरोबर निघाला. गुरुत्वमध्य आता ॲक्सलच्या २३० मिमी पुढे.

एक पैचाही तुकडा न लावता नाक खाली आलं.

चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची मागची उंची: रिकामी ६४०, काल भरलेली ५४८, आज ५५५ मिमी. यातून एक गंमत निघते. १४० किलो काढले आणि ७ मिमी वर आली, म्हणजे मिलिमीटरला २० किलो. पूर्ण प्रवास याच कडकपणाने झाला असता तर १,४३० किलोला ७२ मिमीच बसायला हवी होती. बसली ९२. म्हणजे सुरुवातीचा भाग बराच मऊ आहे.

खाली वाकून पाहिलं तर कारण समोरच. पाट्यांच्या गड्डीत सगळ्यात खाली जाड, जवळजवळ सरळ असा हेल्पर पाटा आहे. रिकाम्या गाडीत त्याच्या टोकाला आणि वरच्या पाट्याला ४५ मिमीची फट असते. गाडी ४५ मिमी बसेपर्यंत तो नुसता बघत असतो, मग टेकतो आणि कामाला लागतो. माझ्या आकड्यांवरून टेकण्याआधी मिलिमीटरला साधारण १२ किलो आणि टेकल्यावर १९-२०.

हा पाटा लक्षात ठेव. (हे नंतर, स्वतःलाच लिहिलंय, कारण पुढे विसरलो.)

९ जानेवारी

बसणं मोजता येतं. डुलणं कसं मोजायचं? 'पहिल्यापेक्षा बरं वाटतंय' या मापाला अर्थ नाही, पैसे खर्च केले की सगळंच बरं वाटतं.

शेवटी ओळंबा काढला. कॅम्परच्या आत छताच्या मध्यावर खिळा, त्याला बरोबर १ मीटर दोरा, खाली गवंड्याचा लोलक, आणि जमिनीवर चिकटवलेली पट्टी. सपाट जागेवर शून्याची खूण केली. मग उजवीकडची दोन्ही चाकं १०० मिमी जाडीच्या लाकडी ठोकळ्यांवर चढवली. दोन चाकांतलं अंतर १,७०० मिमी, त्यामुळे गाडी दगडासारखी ताठ असती तर मीटरभर ओळंबा ५९ मिमी सरकला असता.

सरकला ९६.

म्हणजे ३७ मिमी हा पाटे, टायर आणि बांधणी या सगळ्यांनी मिळून दिलेला झोल. यातला कोणाचा किती, हेच आता शोधायचं. ठोकळ्यांवर चढवताना बायकोला आत उभं करून लोलक धरायला लावलं होतं. तिचं म्हणणं, "हे आतून बघितल्यावर मी परत यात झोपेन असं वाटत नाही." ती झोपते.

१२ जानेवारी

आधी फुकटची कामं.

टायर: बाजूवर लोड इंडेक्स १२१, म्हणजे एका चाकाला १,४५० किलो, पण तो आकडा ८० पीएसआय हवेचा. मी रिकाम्या गाडीच्या सवयीने ५५ वर चालत होतो आणि त्या डाव्या चाकावर १,३७० किलो होते. नुसतं डुलण्याचं सोडा, ५५ ला तो टायर एवढा भार पेलायला बनलेलाच नाही. भिंती दबत राहतात, गरम होतात, आणि मग कधीतरी उन्हात फुटतात. मागे ७५, पुढे लेबलप्रमाणे. थंड टायरमध्ये मोजलेली हवा. रिमवर कोरलेली मर्यादाही पाहून घेतली. टायर सोसतो म्हणून रिम सोसेलच असं नसतं.

बांधणी: कॅम्पर गाडीला बांधायला चार कोपऱ्यांत चार टर्नबकल (फिरवून आवळायचे दुवे). पुढचा डावा हाताने फिरला, पान्याची गरजच नाही. हौद्यात कॅम्परच्या तळाखाली रबरी चटई आहे, ती नसती तर खोली आतल्या आत सरकली असती. चारही सारखे आवळले. स्प्रिंगवाले टर्नबकल आहेत, त्यामुळे ताण किती हे स्प्रिंगच्या दाबावरून कळतं. फार आवळले तर कॅम्परच्या लाकडी सांगाड्यातले बांधणीचे नांगर (हूक) उपटतात, तेही पाहिलंय.

ओळंबा: ८८. आठ मिलिमीटर, फक्त हवेने आणि पान्याने.

१९ जानेवारी

आठवडाभर पर्याय चाळले. माझी अट साधी आहे: वर्षातले तीनचार महिने कॅम्पर वर असतो, उरलेला काळ गाडी रिकामी धावते. कायम कॅम्पर असता तर सरळ पाट्यांच्या कारखान्यात जाऊन, काट्याची पावती दाखवून, त्या वजनाची नवी गड्डी बनवून घेतली असती. त्याला तोड नाही. पण तीच गड्डी रिकाम्या गाडीत म्हणजे बैलगाडी.

गड्डीत एखादा पाटा वाढवणं हा त्याचाच धाकटा भाऊ. उंची मिळते, कडकपणा मिळतो, पण रिकामी असताना काढून ठेवता येत नाही.

रबराचे प्रकार दोन. टिंब्रेनचे पोकळ रबरी ठोकळे बंप स्टॉपच्या (ॲक्सल वर आदळू नये म्हणून असलेल्या अडसराच्या) जागी बसतात, सुमोस्प्रिंग्ज पॉलियुरेथेनच्या फेसाचे. हवा नाही, नळ्या नाहीत, बिघडायला काही नाही. दाबत गेलं की कडक होत जातात. फक्त उंची हवी तशी ठरवता येत नाही आणि माझ्या डाव्या-उजव्या फरकाला त्यांच्याकडे उत्तर नाही.

सुपरस्प्रिंग्ज हा मूळ गड्डीच्या डोक्यावर बसणारा जादा पाटा. कल्पना आवडली. टॉर्कलिफ्टचे स्टेबललोड वेगळ्या वाटेने जातात: नवीन स्प्रिंग देतच नाहीत, हेल्पर पाट्याची फट भरतात, म्हणजे तो लवकर टेकतो. त्यातला एक प्रकार रिकाम्या गाडीत फिरवून बाजूला करता येतो.

आणि बलून. हवा कमीजास्त करता येते, डावी-उजवी वेगळी ठेवता येते, रिकाम्या गाडीत जवळजवळ मोकळे सोडता येतात. ज्यांची माहिती वाचली त्यांचा निरोप सारखाच: निदान ५ पीएसआय ठेवा, नाहीतर रबर घडीत चिमटतं, कमाल १०० पीएसआय.

मिस्त्रींचा कल हेल्परची फट भरण्याकडे होता. मी बलून घेतले. उंची बोटावर कमीजास्त करता येणार, याचा मोह.

२ फेब्रुवारी

बलून बसवले. चॅसीला भोकं पाडायची नाहीत, वेल्डिंग तर अजिबात नाही, म्हणून पकडीने बसणारे ब्रॅकेट घेतले होते. चार तासांचं काम सांगितलं होतं, आठ लागले. त्यातला एक तास डावं ब्रॅकेट उजवीकडे बसवण्यात.

नळीच्या बाबतीत हुशारी केली: दोन्ही बलूनना एकच व्हॉल्व्ह, मध्ये टी-जोड. एकदाच हवा भरायची, दोन्हीकडे सारखी. नीटनेटकं.

४० पीएसआय. मागची उंची ५५५ वरून ६०५! गाडी सपाट. लांबून फोटो काढला, मित्रांना पाठवला.

४ फेब्रुवारी

चालवली. आणि आगीतून फुफाट्यात.

सरळ रस्त्यावर सुंदर. पहिल्याच गोल वळणावर खोली बाहेरच्या बाजूला कलली आणि तिथेच राहिली, सावकाश, बोटीसारखी. वळण संपल्यावर उलट बाजूला. पूर्वी डुलायची पण निदान कुठेतरी अडायची. आता अडतच नाही.

घरी येऊन ठोकळे, ओळंबा. ९७. टायर-बांधणीने मिळवलेले आठही गेले, वर एक घेऊन गेले.

५ फेब्रुवारी

मिस्त्री आले. काही न बोलता फळकुटावर आडवे होऊन गाडीखाली सरकले आणि म्हणाले, "एक जाड कागद द्या." हाताशी एक जुनं पोस्टकार्ड होतं. हेल्पर पाट्याचं टोक आणि वरचा पाटा यांच्यात त्यांनी ते आडवं घातलं, आणि आरपार काढून माझ्या हातात दिलं. कोरं, डागही नाही.

फट दहा मिलिमीटर होती.

मी मोठ्या कौतुकाने गाडी ५० मिमी उचलली होती आणि त्या नादात हेल्पर पाट्याला कामावरून काढून टाकलं होतं. तो टेकायला ४५ मिमी बसावं लागतं. आता गाडी बसते ३५. सगळा कलता भार फक्त मऊ पाट्यांवर आणि बलूनवर.

आणि बलून तरी काय करत होते? टी-जोडाने दोन्ही एकच. गाडी उजवीकडे कलली की उजवा बलून दाबला जातो आणि त्यातली हवा नळीतून डावीकडे पळते, म्हणजे ज्या बाजूने उचलायला हवं ती बाजू मोकळी होते आणि दुसरी फुगून आणखी कलवते. उभ्या भाराला दोन्ही मिळून खंबीर, कलण्याला जवळजवळ शून्य विरोध. मी स्प्रिंग लावली नव्हती, पाण्याची पातळी दाखवणारी नळी लावली होती.

तिसरी गोष्ट त्यांनी खडूने जमिनीवर काढून दाखवली. कलण्याला होणारा विरोध दोन स्प्रिंगांमधल्या अंतराच्या वर्गाने वाढतो. पाटे एकमेकांपासून १,१०० मिमीवर आहेत, बलून चॅसीला लागून ९५० वर. तेवढाच कडकपणा आतल्या बाजूला घेतला तर विरोध तीन-चतुर्थांशच मिळतो. म्हणजे पाट्यांवरचा भार काढून बलूनला देणं हा डुलण्याच्या दृष्टीने मुळातच तोट्याचा सौदा.

जखम मांडीला आणि मलम शेंडीला. 'बसते की डुलते' हे त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

९ फेब्रुवारी

टी-जोड काढला. दोन नळ्या, दोन व्हॉल्व्ह. ४० पीएसआयलाच ओळंबा ९१.

रात्रीतून उजवा बलून ४० वरून १२ वर. साबणाचं पाणी घेऊन शोधाशोध. जोडांवर बुडबुडा नाही, व्हॉल्व्हवर नाही. शेवटी सायलेन्सरच्या नळीपासून दोन बोटांवर प्लास्टिकची नळी चकचकीत, मऊ आणि थोडी पिवळी पडलेली दिसली. तिथे बारीक फेस. ही चूक माझी, घाईत जवळचा रस्ता निवडला. नळी ब्रेकच्या पाइपाजवळून नेली, पण त्याला बांधली नाही, आणि एक्झॉस्टच्या बाजूला पत्र्याचा आडोसा केला. नळी कापताना ब्लेडने काटकोनात कापायची. पकडीने चिमटून कापली की टोक अंडाकृती होतं आणि जोड गळतो. हे दोनदा शिकलो.

१६ फेब्रुवारी

हेल्परच्या फटीत पॅकिंग. २५ मिमी जाडीचं, रिकाम्या गाडीत फिरवून बाजूला करता येणारं. आता ४५ ऐवजी २० मिमी बसलं की हेल्पर टेकतो.

मग बलूनची हवा उतरवत गेलो. ४०, ३५, ३०... प्रत्येक टप्प्यावर खाली जाऊन पोस्टकार्ड. डावीकडे २० आणि उजवीकडे १५ वर थांबलो. दोन्ही बाजूंची उंची ५८५ च्या आसपास, एकमेकांत दोन मिलिमीटरचा फरक, आणि पोस्टकार्ड दोन्हीकडे घट्ट अडकलेलं. ओढलं तर फाटलं.

ओळंबा: ८०.

त्याच गाडीत, तेच बलून, निम्मी किंवा त्याहून कमी हवा, आणि ९७ वरून ८०. बलूनचं काम आता एवढंच: शेवटचे काही मिलिमीटर आणि डाव्या-उजव्याचा फरक. ओझं पाटे वाहतात.

गाडी पूर्ण सपाट नाही. मागून रिकाम्यापेक्षा ५५ मिमी खाली आहे. पण पिकअप रिकामी असताना मागून मुद्दाम उंचच बनवलेली असते, त्यामुळे भरल्यावर ती मागून उतरायलाच हवी. फोटोत छान दिसावी म्हणून आणखी उचलायची नाही.

जुन्या किंवा लहान पिकअपवाल्यांसाठी एक बाब. बऱ्याच गाड्यांत मागच्या ॲक्सलपासून चॅसीवरच्या ब्रेक व्हॉल्व्हला एक दांडी असते. गाडी किती बसली यावरून तो व्हॉल्व्ह ओझं ओळखतो आणि मागच्या ब्रेकला दाब देतो. बलूनने गाडी वर उचलली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि नेमकी भरलेली असताना मागचे ब्रेक मंद होतात. माझ्या गाडीत हे काम इलेक्ट्रॉनिक आहे. ज्यांच्या गाडीत दांडी आहे त्यांनी ती नव्या उंचीप्रमाणे जुळवून घेतल्याशिवाय बलूनला हात लावू नये.

२ मार्च

अँटी-रोल बार. कंपनीचा २८ मिमीचा होता, ३३ चा बसवला. पाच मिलिमीटरने काय होणार, असं वाटतं. पण भरीव दांड्याचा पिळाला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. ३३ भागिले २८, चारदा गुणलं की १.९३. जवळजवळ दुप्पट.

बार गाडी उचलत नाही, एक मिलिमीटरही नाही. दोन्ही चाकं सारखी वरखाली झाली तर तो नुसता फिरतो. एक बाजू वर आणि एक खाली झाली तरच पीळ खातो. म्हणून बसण्यावर त्याचा उपयोग शून्य, डुलण्यावर नेमका. त्याची किंमतही असते: एका चाकाखालचा खड्डा आता दुसऱ्या बाजूलाही थोडा कळतो. यापेक्षा जाड बार घेतला नाही, कारण फक्त मागची बाजू फार ताठ केली की वळणात मागच्या बाहेरच्या टायरवर जास्त भार सरकतो आणि ओल्या रस्त्यावर शेपूट सुटायची भीती.

बसवताना बुशांना (बार धरणाऱ्या रबरी कड्यांना) ग्रीस, आणि शेवटची आवळणी गाडी चाकांवर उभी करून, भार देऊन. जॅकवर हवेत लटकत असताना आवळलं की बुश वाकड्या जागी पकडले जातात आणि लवकर फाटतात.

ओळंबा: ७३. ठोकळ्यांनी दिलेले ५९ वजा केले तर झोल १४ मिमी. सुरुवातीला ३७ होता.

९ मार्च

शॉकअप. हे शेवटी, आणि मुद्दाम शेवटी.

ओळंब्याला शॉकअप कळत नाही. उभ्या गाडीत नवा काय आणि गळका काय, आकडा तोच येणार, कारण शॉकअप भार धरत नाही, हालचालीचा वेग धरतो. डुलणं किती, हे पाटे आणि बार ठरवतात. कितीदा, हे शॉकअप. म्हणून आधी स्प्रिंगा पक्क्या केल्या, नाहीतर बदललेल्या स्प्रिंगांना पुन्हा वेगळे शॉकअप लागले असते.

एका नळीचे, दाबाखालच्या नायट्रोजनचे बिलस्टीन ५१०० पाहिले. लांब उतारांवर गरम झाले तरी टिकतात. पण माझी गाडी आठ महिने रिकामी असते, आणि रिकाम्या-भरलेल्याला एकच सेटिंग पुरेल असं वाटेना. म्हणून रँचोचे नऊ टप्प्यांचे. अंगावरची गुंडी फिरवली की झालं.

जुने काढून हाताने दाबले. डावा दाबला तसा राहिला, परत यायचं नावच नाही. हा कधी गेला कोण जाणे.

मापाची जागा तोच पूल, तेच सांधे. सेटिंग ३ वर तीन उसळ्या. ६ वर दीड. ८ वर उसळीच नाही, पण प्रत्येक सांधा कमरेत. ६.

१६ मार्च

शेवटचं वजन. नव्या सामानासकट मागे २,५००, पुढे १,७४०. सामानाने ३० किलो घेतले. मर्यादेपर्यंत मागे ३०० शिल्लक आहेत आणि ती शिल्लकच राहणार. रॅक आता सायकलीशिवायही परत लागणार नाही.

हेडलाइट भिंतीवर मारून नव्याने लावला. पूर्वीचा हिशेब करून पाहिला: मागून पुढच्यापेक्षा ८८ मिमी जास्त बसलेली, व्हीलबेस ३,९५०, म्हणजे २५ मीटरवर प्रकाश अर्ध्या मीटरहून जास्त वर जात होता. डिपर मारणाऱ्यांची माफी.

दोनशे किलोमीटरची फेरी. शंभराव्या किलोमीटरला थांबून यू-बोल्ट (पाटे ॲक्सलला आवळणारे) टॉर्क पान्याने तपासले. पॅकिंग बसवताना ते नवीनच घातले होते, कारण एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तोच ताण धरत नाही. डाव्या मागच्याने पाव फेरा घेतला, बाकीचे जागेवर. टर्नबकल तपासले, टायरला हात लावून पाहिला: कोमट, चारही सारखे.

परत येताना मोठा ट्रक शेजारून गेला. एकदा ढकललं, एकदा ओढलं. खोली एकदा कलून जागेवर आली. बायको पाय वर घेऊन वाचत होती, तिने पान उलटलं.

डाव्या मागच्या शॅकलमधून (पाट्याचं टोक चॅसीला जोडणाऱ्या दुव्यातून) सावकाश चालताना करकर येते. बुश कोरडा असावा, किंवा पॅकिंग पाट्यावर घासतंय. उद्या पोस्टकार्ड घेऊन खाली जायचं.